अनुभवाचा रकाना
खामगावच्या एका कॉलेजात मंजुश्री नोकरीसाठी पायथनचं डेमो लेक्चर देत होती. पाच मुलींनी आपापली नावं टाइप केली, पण पडद्यावरच्या यादीत शेवटचं एकच उरलं. मागे बसलेले प्राचार्य गालातल्या गालात हसले. चूक मंजुश्रीनं मुद्दामच ठेवली होती. कमरेला ओढणीची ओटी बांधून तिनं आत खडू टाकला आणि गाठ सोडली. खडू खाली पडला. असं तीनदा झाल्यावर पहिल्या बाकावरच्या काजलला राहवेना. "मॅडम, हर कापसाच्या बोंडाले नवी ओटी काऊन बांधून राह्यल्या? एकदाच बांधा ना, मंग वेचा." "मग प्रोग्रॅममध्येही तसंच कर." काजलनं रिकामी यादी बनवणारी ओळ दर नावागणिक पुन्हा फिरणाऱ्या लूपमधून काढून वर ठेवली, पाचही नावं आली. प्राचार्यांनी पेन उघडलं. "तुमच्या अर्जात अनुभवाचा रकाना कोराच आहे. काय लिहू?" "कापूस वेचणी," मंजुश्री म्हणाली, "आठ हंगाम."