झडती

इचलकरंजीत यंत्रमागावर उभं राहून कंबर धरायची, म्हणून अवधूतनं दुखण्याच्या गोळ्या सुरू केल्या आणि त्या सुटेनात. त्याच्यासारख्या पोरांसाठी गावानं समाजमंदिरात व्यसनमुक्ती शिबिर भरवलं. डॉक्टर रोज येत, डबे घराघरातून जात. आत येणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यायचं काम गावानं विश्वासानं अवधूतच्या आईवर, शालनवर सोपवलं होतं.

त्या दुपारी पोराची तळमळ तिला बघवली नाही. पदरात बांधून आणलेली गोळी तिनं त्याच्या हातात ठेवली. "एवढी एकच घे. जरा निवांत पडशील."

तेवढ्यात सरपंच आत आले. गोळी बघून कडाडले, "कुणी आणली ही?"



"माझ्याच खिशात हुती," अवधूत म्हणाला. त्यानं गोळी सरपंचांना दिली. "घेतली न्हाय मी."

"बघा वहिनी, पोरगं तुमालाबी फसवतंय. उद्यापास्नं झडती आणखी कडक घ्या," म्हणत सरपंच बाहेर पडले.

शालन खाली मान घालून उभी होती. अवधूत हळू आवाजात म्हणाला, "आये, मी बरा होईस्तवर तू हिकडं येऊ नगंस."