खिडकीतले दाणे

कबुतर दाणापात्राच्या दांडीवर बसलं, तसं त्याच्या वजनाने झाकण खाली आलं आणि दाण्यांचं तोंड बंद झालं. कबुतर वैतागून उडालं. मग चिमणी आली. झाकण जागचं हललं नाही.

फिटरने पलंगाकडे वळून पाहिलं. बायको तीन उशांना टेकून बसली होती. हल्ली बोलायचं म्हटलं की तिला आधी दम गोळा करावा लागे.

"जमलं की तुम्हाला," ती म्हणाली.

हे त्याचं सातवं दाणापात्र होतं. पहिलं तिने केलं होतं, तीन वर्षांपूर्वी.

त्याच्या आदल्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी स्कूटरवरून जाताना ट्रकखाली सापडली. आदल्या संध्याकाळी स्कूटरचे ब्रेक फिटरनेच आवळले होते. ब्रेक ठीक होते, चूक ट्रकवाल्याची होती, असं पोलिसांनी सांगितलं, मेकॅनिकने सांगितलं, बायकोने तर शंभरदा सांगितलं. त्याने कुणाचंच ऐकलं नाही. कारखाना सोडला, हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आठ महिने. जेवा म्हटलं की जेवायचा, नाही म्हटलं तर नाही. एकदा चादर बदलताना बायकोला त्याच्या उशीखाली झोपेच्या गोळ्या सापडल्या, चांगल्या मूठभर. तिने त्या मोरीत टाकल्या, वर पाणी ओतलं आणि चहा ठेवला.

मग एका सकाळी तिने प्लॅस्टिकच्या बाटलीला भोकं पाडली, त्यांतून दोन लाकडी चमचे आरपार घातले, आत बाजरी भरली आणि बाटली खिडकीत टांगली. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घराला खिडकी तेवढी एकच होती. बाजरी भसाभसा खाली सांडली. पक्षी आले, भांडले, गेले. चौथ्या दिवशी पलंगावरून आवाज आला, "भोकं मोठी झालीत."

पाचव्या दिवशी पेटी माळ्यावरून खाली उतरली.

त्यानंतर फिटरला उसंत उरली नाही. खार येते म्हणून वर पत्र्याची उलटी टोपी बसवली. कबुतरं फस्त करतात म्हणून भोवती जाळी लावली. एक कबुतर जाळीतूनही मान घालायला शिकलं, तेव्हा आणखी बारीक जाळी आणली. कबुतरं काही हटेनात. सांडलेलं टिपायला ती खिडकीच्या कठड्यावर ठाण मांडून बसत. फिटर त्यांना ठेवणीतल्या शिव्या घाली आणि घालता घालता हसे. स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोचा हात तेवढ्यापुरता थांबे.

दर रविवारी तो खालचा ट्रे आत घेई, जमिनीवर पेपर पसरी आणि वाळलेली घाण ब्रशने खरवडून काढी. पेपर गोळा करून टाकायचं काम तिचं.

वर्षभराने तिला खोकला लागला. ती बहिणीबरोबर दवाखान्यात जाऊन आली. वयाचा दमा आहे, फवारा दिलाय, म्हणाली. त्याच आठवड्यात तिने सांगितलं की खालच्या मजल्यावरची बाई घाणीवरून कुरकुर करतेय, थोडे दिवस दाणे बंद ठेवू या. फिटरने मुकाट्याने दाणापात्र काढलं. दुसऱ्या दिवशी तो उशिरा उठला. तिसऱ्या दिवशी उठलाच नाही, भिंतीकडे वळून पडून राहिला. ताट तसंच परत गेलं.

चौथ्या दिवशी तिने स्टुलावर चढून दाणापात्र आपल्या हाताने टांगलं.

"समजावलं मी खालचीला," ती म्हणाली. "उठा आता. चिमण्या वाट बघताहेत."

तो उठला.

पुढे दर दोन महिन्यांनी ती दवाखान्यात जाई. मीपण येतो म्हणाला की नको म्हणे. मग इथे दाणे कोण भरणार, असं विचारी. तिचे जिने सुटले, मग बाजार सुटला, मग ओटा सुटला. स्वयंपाक तो करू लागला. तिचा पलंग त्याने खिडकीला लावून दिला. दिवसभर पडून राहायचं तर निदान समोर काहीतरी जिवंत दिसावं, म्हणून तो पक्षी आणखी जवळ यावेत यासाठी धडपडू लागला. वजनाने मिटणारं हे झाकण त्याचसाठी होतं.

ते बसवल्यावर नऊ दिवसांनी तिचे ओठ निळे पडले.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. बहीण पाय मोडून घरी पडली होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी फिटरलाच आत बोलावलं. त्यांनी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. छातीचा फोटो उजेडावर धरून त्यांनी शांतपणे सांगितलं की फुप्फुसं वाळून घट्ट झाली आहेत, आता ती मऊ होणार नाहीत, आणि फार तर आठवडा हातात आहे.

त्याने विचारलं, दम्याने असं होतं का.

"दमा नाही हा. पक्ष्यांच्या विष्ठेची, पिसांची धूळ काहींच्या फुप्फुसांना सोसत नाही. रोज थोडी थोडी आत जात राहते."

फिटरने आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "आधी कळलं असतं, तर मी त्याच दिवशी सगळं काढून टाकलं असतं."

"तेव्हा बंद केलं असतं, तर त्या बऱ्या झाल्या असत्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी फाइल उघडली, तळाचा कागद काढला आणि त्याच्यासमोर सरकवला.

कागद दोन वर्षांपूर्वीचा होता. मजकूर दोन ओळींचा, खाली बायकोची सही.

'दाणे बंद न केल्यास जिवाला धोका आहे, हे मला समजावून सांगितले आहे. दाणे बंद करणार नाही. माझ्या नवऱ्याला कळवू नये.'