नणंदेचा क्लास

नणंदेने भुवया गोंदायच्या पर्मनंट मेकअपचा दोन दिवसांचा कोर्स करून स्वस्तातलं मशीन घेतलं आणि पहिला हात वहिनीच्या भुवयांवर साफ केला. डावी भुवई निळसर होऊन कपाळात चढली, ती कायमचीच. “वहिनीचं नवल संपतच नाही!” म्हणत घरदार हसलं, नणंद सगळ्यांत मोठ्याने. वहिनी तीन वर्षं मेकअप थापून गप्प राहिली. आज नणंदेच्या क्लासचं उद्घाटन होतं. महागडं मशीन, सुया, रंग टेबलावर मांडून ती प्रवेश घ्यायला आलेल्या मुलींना सांगत होती, “माझ्या हातून एकही चेहरा बिघडलेला नाही.” वहिनीने पुढे येऊन ओल्या कापसाने भुवया खसाखसा पुसल्या. “हे हिचं पहिलं काम, पोरींनो.” मुलींनी पर्सा उचलल्या. “वहिनी, घरातली गोष्ट चव्हाट्यावर?” नणंद कुजबुजली. “तोंडावरची गोष्ट घरात कशी ठेवू, वन्सं?” म्हणत वहिनीने मुलींसाठी दार उघडून धरलं.