चाचणीचे डोके

चाळीस मिनिटे ताटकळत ठेवून सलूनचा मालक डिर्क्स एकदाचा उगवला, तोही एका हातात सॉसेजचा पाव आणि दुसऱ्यात फोन घेऊन. 'मॉइन' म्हणून साधा नमस्कारही केला नाही. नोकरीच्या चाचणीसाठी आलेल्या विबकेने पुढे केलेला हात तसाच राहिला.

"तूच का ती? आणि हे कोण?"

"माझे वडील, ओन्नो. चाचणीसाठी डोकं आपलं आपण आणायचं, असं तुम्हीच कळवलं होतंत."

"हो, पण हे?" त्याने ओन्नोंच्या पांढऱ्या जटांकडे पाहिले. "बरं, बसव आजोबांना."

ओळख ना पाळख, सरळ 'तू'. सत्तेचाळीस वर्षांची बाई, त्यातली सव्वीस वर्षे हातात कात्री. पण जुने सलून बंद पडून चौदा महिने झाले होते आणि एक तारखेपासून रोजगार कार्यालय तिला गोदामात खोकी भरायला धाडणार होते. म्हणून तर ओन्नोंनी सात आठवडे केस वाढवले होते. रोज सकाळी आरशासमोर कुरकुरायचे, पण कात्री लावू देत नव्हते.

विबकेने डावीकडून सुरुवात केली. मागे बसून डिर्क्स पाव चावत विचारत होता, "मुलं किती? आजारी पडतेस का? उभं राहून गुडघे दुखतात?" उत्तर येईपर्यंत पुन्हा फोनवर हसायला लागायचा. कात्री ठेवून निघून जावे, असे एकदा फार वाटले. पण केस झकास बसत होते. ती कापत राहिली.

डावी बाजू झाली. ती उजवीकडे वळली, तेवढ्यात डिर्क्स उठला.

"पुरे. हात चांगला आहे गं तुझा. पण खरं सांगू? जागा कालच भरली. चोवीस वर्षांची पोरगी मिळाली. तुला कळवायचं राहूनच गेलं."

विबकेने कंगवा उजव्या बाजूला लावला. "निदान हे पूर्ण करू द्या. दहा मिनिटं."

"अकराची वेळ घेतलेल्या बाई आल्यात, खुर्ची लागेल. आजोबांकडे टोपी असेलच की."

ओन्नो खुर्चीतून उठले. मानेवरचे केस झटकून शांतपणे बाहेर पडले.

बसथांब्यावर वारा होता. उजवीकडच्या जटा कानावरून फडफडत होत्या, डावीकडे कसे अगदी नीटनेटके. शेजारी उभी असलेली एक बाई टक लावून बघत होती. विबकेची बोटे स्वस्थ बसेनात. ते अर्धे राहिलेले डोके सारखे डोळ्यांसमोर होते. तिने पिशवीतून कात्री काढली.

"बाबा, इथेच उरकते. लोक बघतायत."

"हात लावायचा नाही." ओन्नोंनी टोपी कोटाच्या खिशात कोंबली. "संध्याकाळी गायनमंडळाची तालीम आहे. अठ्ठेचाळीस जण येतात. निम्मे त्या डिर्क्सकडेच केस कापून घेतात. विचारतील ना, कुठे कापले म्हणून."

"मग?"

"सांगेन की. डावी बाजू माझ्या मुलीची, उजवी त्याची."