व्याह्यांसाठी एक वाक्य

लेकीच्या इटालियन सासऱ्यांच्या मधमाश्या यंदा पेट्याच्या पेट्या मेल्या आणि त्या माणसाचं बोलणंच बंद झालं. लेकीने फोनवर हे रडत सांगितलं, तेव्हा जन्मभर माळीकाम केलेले तिचे बाबा दुसऱ्याच दिवशी इटालियनच्या क्लासात जाऊन बसले. व्याह्यांना दुसरी कुठलीच भाषा येत नव्हती.

“काका, आधी नमस्कार-चमत्कार तरी शिका,” शिक्षिका हसून म्हणाली.

“ते मागाहून बघू. हल्ली हवामान फिरलंय, फुलं लवकर येतात आणि मधमाश्या उशिरा, एवढं कसं म्हणायचं ते सांगा. बागेत मीही रोज तेच बघतोय.”

महिनाभर रोपांना पाणी घालताना ते तेवढंच घोकत राहिले. मग एका रविवारी त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि लेकीशेजारी मान खाली घालून बसलेल्या व्याह्यांना सगळं एका दमात म्हणून दाखवलं. व्याह्यांनी चमकून वर पाहिलं. मग हसत, डोळे पुसत ते काहीतरी बोलले. बाबांना त्यातलं अक्षरही कळलं नाही.

“माझं काही चुकलं का गं?” त्यांनी घाबरून लेकीला विचारलं.

“बाबा, तुम्ही मधमाश्यांच्या जागी ‘मित्र’ म्हणालात. फुलं लवकर येतात आणि मित्र उशिरा!”

“अरे देवा! मग ते काय म्हणाले?”

लेकीने फोन सासऱ्यांच्या आणखी जवळ धरला. “म्हणाले, उशीर कुठे झालाय? बसा.”