रक्तात उरलेली

डॉक्टर बागवान यांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि मग चष्मा काढून ठेवला.

"हेमांगीताई, गर्भ राहिला की त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतात. या नव्या तपासणीत त्या ओळखता येतात. तुमच्या रक्तात चार वेगवेगळ्या गर्भांच्या पेशी आहेत."

"पण मला कधी दिवसच गेले नाहीत," हेमांगी म्हणाली.

"गेले होते. पाळी जरा उशिरा आली, एवढंच तुम्हाला वाटलं असेल. तुमच्या रक्तात बारीक गुठळ्या होतात, त्यामुळे गर्भ टिकत नव्हता."

"यावर उपाय?" तिच्या नवऱ्यानं, दत्तप्रसादनं विचारलं.

"रक्त पातळ ठेवायचं साधं इंजेक्शन. पण आता स्त्रीबीजंच संपत आली आहेत. उशीर झाला."

सासरच्या प्रत्येक डोहाळजेवणात हेमांगीला मागच्या खोलीत बसवलं जायचं. तीही मुकाट्यानं बसायची. ते आठवून दत्तप्रसादला आता तिच्याकडे बघवेना.

"मुलगे होते की मुली?" तिनं विचारलं.

"ते सांगायला कायद्यानं बंदी आहे."

"गेलेल्यांचंसुद्धा?"

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटून फाईलमध्ये ठेवला.

खात्रीसाठी पुन्हा तपासायचं म्हणून नर्स सुई घेऊन आली. हेमांगीनं हात मागे घेतला आणि पदराखाली झाकला.

"नको," ती म्हणाली. "आता थेंबभरही देणार नाही. आहेत तेवढी माझ्याजवळ राहू देत."