आवाजाची उचकी

आवाज पुन्हा अडकला. या वेळी भावाचा नाही, मशीनचा.

ताईने हेडफोन कानावरून ओढून काढला. “घरी कसं सुरळीत चालत होतं! आणि इथं आल्यावरच याला अवदसा आठवली!”

शाळेच्या वर्गात अजून ती दोघंच होती. मधली सुट्टी संपली की मुलं येणार, मागच्या बाकावर मुख्याध्यापिका बसणार आणि भाऊ भूगोलाचा नमुना पाठ घेणार. तो बोलताना अडखळायचा. त्यापायी दोन शाळांनी त्याला गोड बोलून वाटेला लावलं होतं. इथंही तेच झालं तर शिकवण्याचा नाद सोडतो, असं त्याने घरात सांगून टाकलं होतं.

म्हणून ताईने हा पेनड्राइव्ह तयार केला होता. कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, अख्खी सिस्टिम त्यावरूनच चालू होणार. भाऊ बोलला की त्याचाच आवाज किंचित उशिरा त्याच्या कानात यायचा. कुणीतरी सोबतीने बोलतंय असं वाटून त्याची जीभ मोकळी व्हायची. उशीर मात्र दर वेळी तेवढाच हवा. त्यासाठी तिने सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेलच, रिअल-टाइम करून घेतला होता. बाकीची कामं गेली खड्ड्यात, आधी आवाज! आणि तोच आता उचक्या देत होता.

तिने पोर्ट बदललं. वीज वाचवणाऱ्या सेटिंग्ज बंद केल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा उचकी. तिला बसवेना, उभं राहवेना.

“ताई, मला वा...”

“वाटतं जमणार नाही? जमेल रे! घाबरू नकोस.”

“तसं न...”

“नाही ना? मग झालं तर. पाणी पी.”

लहानपणापासून तो अडला की वाक्य तीच पुरं करायची. दुकानात, फोनवर, पाहुण्यांसमोर. त्याची तगमग तिला बघवायची नाही.

मग तिने कपाळावर हात मारला. घरून निघता निघता, खबरदारी म्हणून तिनेच एक प्रोग्राम मागे लावून दिला होता. डोळ्यांत तेल घालून आवाजावर पाळत ठेवायची, प्रत्येक अडखळणं टिपायचं, एवढंच त्याचं काम. टिपणं लिहायची पेनड्राइव्हवर, आणि तो पडला मुलखाचा मंद. त्याचं लिहून होईपर्यंत आवाज ताटकळायचा.

तिने तो प्रोग्राम बंद केला. उचकी गेली.

“मी बसवलेला पहारेकरीच आवाज अडवत होता, काढला त्याला बाहेर. कुंपणच शेत खात होतं रे!” ती हसत सुटली.

घंटा झाली. मुलं धडाधड आत शिरली. ताईने घाईघाईने पहिल्या बाकावर, बरोबर त्याच्यासमोर, जागा धरली.

भावाने हेडफोन चढवला. तोंड उघडलं. शब्द अडला. ताईचे ओठ हलले. त्याने हात वर करून तिला थांबवलं आणि शब्दाची वाट पाहिली. तो आला.

“ताई, आता तूही बाहेर थांब.”